शिक्कामोर्तबाविना वकिली

पुणें दरबारीं वकील म्हणून यावयाचें तर हातीं आधीं धन्याचें पत्र असावें लागे. पत्राच्या शिरोभागीं शिक्का, अखेरीस मोर्तब. आणि तें पाहिल्यावांचून कारभारी कोणाशीं चार शब्द मोकळेपणानें बोलत नसत. हैदराबादेस निजामाच्या दरबारीं गोविंदराव काळे यांचा जो मान होता तो त्यांच्या चातुर्याचा होताच. पण त्यांच्या मागें पेशव्यांची फौज उभी आहे, हें निजाम कधीं विसरत नसे. सन १७८६ मध्यें पुण्यास रेसिडेंट होऊन आलेल्या मॅलेटची गोष्टही तीच. मुत्सद्देगिरीचा इतिहास आपण वाचतों तो असा शिक्क्यांचा, फौजांचा आणि तहनाम्यांतील कलमांचा. गेलीं पंचवीस वर्षें महाविद्यालयांत मींही तोच शिकवीत आलों आहें.

परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत एक निराळीच वकिली उदयास आली. हिच्या वकिलाजवळ शिक्का नाहीं, त्याच्या मागें फौज नाहीं, आणि कोणत्याही राज्यानें त्यास नेमलेलें नाहीं. तो आपल्या गांवीं हिशेबनीस असेल, छापखान्याचा मालक असेल, नाहीं तर दवाखाना चालविणारा डॉक्टर असेल. आठवड्यांतून एकदां इतर धंद्यांतील चार मंडळींबरोबर भोजनास बसत असेल, इतकेंच. असला माणूस मध्यें पडला असतां दोन लढणाऱ्या फौजा दिवसभर बंदुका खालीं ठेवतील, असें कोणीं सांगितलें असतें तर नाना फडणिसांनीं त्यास हंसून निरोपाचा विडा दिला असता. तथापि तसें घडलें आहे, आणि तेंही आपल्या हयातींत व आपल्या शेजारीं.

ज्या मंडळाचा हा वकील सभासद असतो त्याचें नांव रोटरी. शिकागो शहरीं १९०५ च्या फेब्रुवारींत पॉल हॅरिस नामक एका वकिलानें (हा कोर्टांतला वकील, दरबारांतला नव्हे) तीन मित्रांस घेऊन तें सुरू केलें. आळीपाळीनें एकेकाच्या कचेरींत बैठक भरवावयाची, म्हणून हें फिरतें नांव. कलकत्त्यास १९१९ सालीं आणि मुंबईस १९२९ सालीं त्याच्या शाखा निघाल्या. रोटरी म्हटली कीं आपणां मध्यमवर्गीय वाचकांच्या डोळ्यांपुढें काय येतें तें मीं सांगावयास नको: हॉटेलांतील भोजन, अध्यक्षांच्या गळ्यांतील पदक, आणि दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांतील छायाचित्र. हा पूर्वग्रह माझ्याही मनांत होता व तो अगदींच निराधार आहे असें मी आजही म्हणत नाहीं. मानवजातीच्या सेवेचें व्रत घेतलेल्या या मंडळांत १९८९ पर्यंत मानवजातीच्या निम्म्या भागास, म्हणजे स्त्रियांस, प्रवेशच नव्हता! १९४५ सालीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें संयुक्त राष्ट्रांची सनद तयार होत असतां अमेरिकन सरकारनें ज्या बेचाळीस संस्थांस सल्लागार म्हणून बोलाविलें त्यांत रोटरी होती, हें खरें. पण सल्ला देणें निराळें आणि तडजोड घडवून आणणें निराळें. त्या दुसऱ्या कामाचा आरंभ एका हिशेबनिसाच्या प्रश्नापासून झाला.

क्लेम रेनूफ हे ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतांत नॅम्बोर नांवाच्या लहानशा गांवीं हिशेबनिसाचा धंदा करीत. आसपास उंसाचे मळे व गांवांत साखरेचा कारखाना. आपल्या सांगली-कोल्हापुराकडील माणसास तें गांव परकें वाटूं नये. १९७८-७९ या वर्षीं ते रोटरीचे जागतिक अध्यक्ष झाले. तोंपर्यंतची रीत अशी होती कीं, प्रत्येक मंडळानें आपापल्या गांवापुरतें काम करावें. कोणीं विहीर बांधावी, कोणीं शिष्यवृत्ति द्यावी, कोणीं नेत्रशिबिर भरवावें. मंडळें हजारों आणि कामें हजारों; बेरीज मात्र कोठेंच होत नसे. हिशेबनिसाच्या डोळ्यांस ही गोष्ट खुपली असल्यास नवल नाहीं. सर्वांनीं मिळून उचलावें असें एखादें मोठें काम असूं शकेल काय, हा विचार त्यांच्या मनांत घोळूं लागला.

अशांत देवीच्या रोगाच्या उच्चाटनाविषयीं एक लेख त्यांच्या वाचनांत आला. निसर्गतः देवी आलेला शेवटचा रोगी १९७७ च्या ऑक्टोबरांत सोमालियांत आढळला होता. शतकानुशतकें ज्या देवीपुढें आपल्या आयाबायांनीं नवस केले ती देवी जगांतून गेली, आणि तिला घालविण्यास लागलेला पैसा लढाऊ विमानांच्या एखाद्या लहानशा ताफ्याच्या किंमतीशीं तोलण्याइतका अल्प! रेनूफ यांनीं जॉन सीव्हर यांस विचारलें, कीं असा दुसरा रोग कोणता? सीव्हर हे रोटरीचे सभासद आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य-संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञ. त्यांनीं एका रोगाचें नांव सुचविलें: पोलिओ, म्हणजे बालपक्षाघात.

या निवडीमागची कारणें समजून घेण्याजोगीं आहेत. पोलिओचा विषाणु मनुष्याच्या शरीरावांचून दुसरीकडे फार काळ तग धरीत नाहीं. त्यास नवें मूल मिळालें नाहीं तर तो आपोआप नाश पावतो. दुसरें असें कीं, साबिन यांची लस सुईनें टोचावी लागत नाहीं. तिचे दोन थेंब तोंडांत सोडले कीं काम झालें. ती स्वस्त आहे, आणि तासाभराच्या शिक्षणानें कोणीही सामान्य माणूस ती देऊं शकतो. संभाळावयाचें तें बर्फ. कारखान्यापासून मुलाच्या ओठांपर्यंत ती थंड राहिली पाहिजे. म्हणजे हें काम डॉक्टरांपेक्षां हमाल, मोटरवाले, पेढीवाले आणि दारोदार फिरणारे स्वयंसेवक यांचें अधिक. आणि असली माणसें जमविणें हेंच तर भोजनमंडळांस साधतें. या लशीचा जन्मही एका बिनसरकारी सख्यांतून झाला होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाहीं. अमेरिका व रशिया परस्परांवर अण्वस्त्रें रोखून बसलीं होतीं त्याच काळांत, १९५९ सालीं, अमेरिकन साबिन यांनीं तयार केलेली लस रशियन शास्त्रज्ञ चुमाकोव्ह यांनीं आपल्या देशांतील लाखों मुलांस दिली. तिची मोठी कसोटी लागली ती तेथें.

१९७९ च्या सप्टेंबरच्या २९ तारखेस फिलिपाईन्समध्यें मनिलाशेजारच्या मकाटी येथील एका आरोग्यकेंद्रांत रेनूफ यांच्यानंतरचे अध्यक्ष जेम्स बोमार यांनीं एका मुलाच्या तोंडांत पहिले थेंब घातले. त्या दिवशीं झालेला करार मला फार मनोरंजक वाटतो. एका बाजूस सार्वभौम राज्याचा आरोग्यमंत्री आणि दुसऱ्या बाजूस एका मंडळाचा अध्यक्ष. मंडळानें पांच वर्षांत सात लाख साठ हजार डॉलर खर्चून सुमारें साठ लाख मुलांपुरती लस पुरवावी, व राज्यानें ती मुलांपर्यंत पोंचवावी. तह म्हणावा तर दोघांत भांडण नव्हतें. दान म्हणावें तर दोघांवरही कलमें बंधनकारक होतीं. राज्य होतें मार्कोस यांचें, आणि देशांत लष्करी कायदा चालू होता. अशा राजवटीशीं हातमिळवणी करावी काय, हा प्रश्न विचारणारांस मी दोष देणार नाहीं. परंतु कोणत्या राजवटींत जन्मास यावें हें कांहीं मुलानें ठरविलेलें नसतें. या नव्या वकिलीची किंमत येथेंच दिसूं लागते: ज्यास सर्वांच्या दारीं जावयाचें त्यास पुष्कळ ठिकाणीं तोंड मिटून बसावें लागतें.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों. १९८५ सालीं रोटरीनें जगांतील सर्व मुलांसाठीं बारा कोटी डॉलर जमविण्याचा संकल्प सोडला. तीन वर्षांत जमले जवळजवळ पंचवीस कोटी. १९८८ च्या मे महिन्यांत जिनीव्हा येथें जागतिक आरोग्यसभेनें २००० सालापर्यंत पोलिओ जगांतून नाहींसा करण्याचा ठराव केला. त्या वर्षीं सव्वाशेंहून अधिक देशांत मिळून सुमारें साडेतीन लाख मुलें या रोगानें पंगु होत होतीं. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, अमेरिकेचें रोगनियंत्रण केंद्र आणि रोटरी अशी चौकडी जमली. तिच्यांतील तीन अंगें सरकारांचीं किंवा सरकारांच्या संघांचीं. चौथें अंग तेवढें आपल्यासारख्या खासगी माणसांचें.

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. विषाणु सीमा ओळखीत नाहीं, आणि युद्ध चालूं असलेल्या मुलखांत लस जात नाहीं. मग करावें काय? याचें उत्तर प्रथम दिलें तें रोटरीनें नव्हे, युनिसेफचे प्रमुख जेम्स ग्रांट यांनीं. मध्य अमेरिकेंतील एल साल्व्हादोर या चिमुकल्या देशांत सरकार व बंडखोर यांचें निकराचें युद्ध चाललें होतें. ग्रांट यांनीं अध्यक्ष दुआर्ते यांस सांगितलें कीं, तुमच्या देशांत गोळ्यांनीं मरणाऱ्या मुलांपेक्षां टाळतां येण्याजोग्या रोगांनीं मरणारीं मुलें अधिक आहेत. लशीपुरतें युद्ध कां थांबवूं नये? बंडखोरांकडे हा निरोप नेला तो चर्चनें, आर्चबिशप रिव्हेरा इ दामास यांच्या मार्फत. १९८५ च्या फेब्रुवारी, मार्च व एप्रिल महिन्यांत प्रत्येकीं एक रविवार असे तीन दिवस ठरले, आणि त्या दिवशीं सुमारें अडीच लाख मुलांस लस मिळाली. लेखी तह झाला नाहीं. कोणीं कोणास मान्यता दिली नाहीं. या दिवसांस 'शांततेचे दिवस' असें नांव पडलें. आमच्या जुन्या कारभाऱ्यांस यांतील खुबी तात्काळ कळली असती. शत्रूशीं बोलणें म्हणजे त्याचें अस्तित्व मान्य करणें, आणि नेमकें तेंच तर कोणत्याही सरकारास नको असतें. बोलणारा परका असला, बिनशिक्क्याचा असला, तर ही अडचण उद्भवतच नाहीं.

हाच प्रयोग पुढें श्रीलंकेंत झाला. तेथील सरकार व उत्तरेकडील तामीळ बंडखोर यांच्या युद्धानें जाफन्याकडील मुलें लसीकरणाबाहेर राहणार अशी भीति होती. या वेळीं श्रीलंकेंतील रोटरीच्या पोलिओ-कार्याचे प्रमुख होते के. आर. रवींद्रन्, कोलंबो येथील मुद्रणव्यवसायांतील एक गृहस्थ. सरकार, युनिसेफ व रोटरी यांच्या प्रतिनिधींची जी समिति झाली तिचें अध्यक्षपद या गृहस्थांकडे आलें, आणि राष्ट्रीय लसीकरणाच्या दिवसांपुरता युद्धविराम ठरविण्याचीं बोलणीं त्यांनीं युनिसेफच्या साहाय्यानें केलीं. बंदुका त्या दिवसांपुरत्या थांबल्या. श्रीलंकेंत १९९३ नंतर पोलिओचा रोगी आढळलेला नाहीं. युद्ध मात्र २००९ पर्यंत चाललें. म्हणजे या वकिलीनें युद्ध मिटविलें नाहीं. मिटविण्याचा दावाही केला नाहीं. तिनें मागितला तो एक दिवस, आणि एकच दिवस मागितला म्हणून तो मिळाला, असें मला वाटतें. हे रवींद्रन् पुढें २०१५-१६ या वर्षीं रोटरीचे जागतिक अध्यक्ष झाले. ही रीत अद्याप लोपलेली नाहीं. २०२४ च्या सप्टेंबरांत गाझा पट्टींत भागाभागानें लढाई थोपवून पहिल्याच फेरींत साडेपांच लाखांहून अधिक मुलांस थेंब देण्यांत आले.

बंदुकीहून संशय थांबविणें कठीण असतें. २००३ सालीं उत्तर नायजेरियांतील कानो प्रांतानें लसीकरण बंद पाडलें. लशींत मुसलमान मुलींस वांझ करणारें द्रव्य पाश्चात्त्यांनीं मिसळलें आहे, असा प्रवाद तेथें उठला होता. त्यामुळें विषाणूस मोकळें रान मिळालें, आणि पोलिओमुक्त झालेल्या अनेक देशांत तो पुन्हां शिरला. पार इंडोनेशियापर्यंत पोंचला. अखेर मुसलमान राष्ट्रांची संघटना मध्यें पडली. लस मुसलमान देशांतून, म्हणजे इंडोनेशियांतून, आणावी असें ठरलें, आणि २००४ सालीं काम पुन्हां सुरू झालें. आफ्रिका खंडांतून निसर्गजन्य पोलिओ हद्दपार झाल्याची घोषणा २०२० च्या ऑगस्टांत झाली. रेनूफ त्याच वर्षीं जून महिन्यांत, नव्व्याण्णव वर्षांचे होऊन वारले होते.

आपल्या देशाची हकीकत वाचकांच्या डोळ्यांदेखत घडलेली आहे. माझ्या प्राथमिक शाळेंत एक मुलगा पायास लोखंडी पट्ट्या बांधून येई व आम्ही खेळत असतां आमचीं दप्तरें संभाळीत बसे. तसा एखादा मुलगा त्या काळीं बहुतेक प्रत्येक शाळेंत असे. १९९५ च्या डिसेंबरांत देशभर पहिला पल्स पोलिओ दिन झाला तेव्हां मी नुकताच नोकरीस लागलों होतों. आमच्या पेठेंतील एका केंद्रावर मुलांच्या डाव्या करंगळीस शाईची खूण करण्याचें काम माझ्याकडे आलें होतें. निवडणुकीचीच शाई जणूं. मतदार मात्र आयांच्या कडेवर आणि अखंड रडणारे! पुढें पुढें एकेका राष्ट्रीय दिवशीं सुमारें तेवीस लाख माणसें सतरा कोटींच्या आसपास मुलांस थेंब देऊं लागलीं. मुंबईंत परळच्या हाफकिन संस्थेंतून लशीच्या कुप्या भरून बाहेर पडत, आणि याच शहरांत २००१ पासून सांडपाण्याचे नमुने तपासून विषाणूचा माग काढण्यांत येऊं लागला, कारण उत्तरेकडील मजुरांबरोबर तो पुन्हां पुन्हां येथें उतरत असे.

तरीही २००२ सालीं भारतांत सोळाशें मुलें पंगु झालीं. जगांतील त्या वर्षींच्या दर दहा रोग्यांपैकीं आठ आपले, आणि त्यांतील बहुतेक उत्तर प्रदेशांतले. तेथील मुसलमान वस्त्यांतून दारें लावून घेण्यांत येत. या नकाराचा आपल्या वर्तमानपत्रांनीं 'अडाणीपणा' या एका शब्दांत निकाल लावला; मला तो अन्याय वाटतो. आमच्या गल्लींत गटार नाहीं, नळास पाणी नाहीं, तापानें फणफणलेल्या पोरास दवाखाना नाहीं. मग हे थेंबच तेवढे महिन्याच्या महिन्यास घरपोंच कां येतात? या प्रश्नास उत्तर देणें कोणाही सरकारी अधिकाऱ्यास जड जावें. येथें उपयोगी पडली ती पुन्हां तीच बिनशिक्क्याची वकिली. रोटरीनें उत्तर प्रदेशांत मुसलमान उलेमांची समिति स्थापिली. मौलवींनीं मशिदींतून लशीविषयीं सांगितलें व स्वतः दारोदार फिरले. परकीय पैसा, परदेशीं जन्मलेली कल्पना. पण दाराशीं येणारा माणूस मोहोल्ल्यांतला. २००९ सालीं ७४१ रोगी होते, २०१० सालीं ४२. आणि २०११ च्या जानेवारीच्या १३ तारखेस हावडा जिल्ह्यांत जो एक आढळला तो शेवटचा. २०१४ च्या मार्चमध्यें भारतासह आग्नेय आशियाचा सारा विभाग पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला.

या यशाचें माप कोणाच्या पदरांत किती टाकावें? रोटरीनें आजवर दोनशें कोटी डॉलरांहून अधिक रक्कम दिली, ही लहान गोष्ट नव्हे. पण भारतांत खर्चाचा मोठा भार भारत सरकारनें स्वतः उचलला, आणि बर्फाची पेटी खांद्यास अडकवून पुरांतून व उन्हांतून जिने चढल्या त्या तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या बायका. छायाचित्रांत पदकवाले पुढें दिसतात. पेटी वाहणारी दिसत नाहीं. योजनेंतील दोषही उघड आहेत. २००० सालची मुदत टळली, मागून घातलेल्या मुदतीही टळल्या. देवीच्या उच्चाटनाचे सेनापति डी. ए. हेंडरसन यांसच पोलिओच्या उच्चाटनाविषयीं दीर्घकाळ शंका होती. शिवाय तोंडानें द्यावयाच्या लशींतील दुबळा विषाणु, जेथें लसीकरण अपुरें तेथें, क्वचित् पुन्हां उग्र होऊन मुलांस पंगु करितो. गाझा पट्टींत २०२४ सालीं उद्भवलेली साथ याच जातीची होती. हे दोष सांगितले म्हणजे कार्य लहान होतें असें नाहीं. मात्र एका रोगाच्या मागें लागून गटार व नळ मागें पडले, ही उत्तर प्रदेशांतील आयांची तक्रार अजून तशीच उभी आहे.

पण या वकिलीवर सर्वांत मोठा घाव पडला तो निराळ्याच बाजूनें. २०११ सालीं ओसामा बिन लादेन याचा पत्ता काढण्यासाठीं अमेरिकेच्या हेरखात्यानें पाकिस्तानांत अबोटाबाद येथें एका डॉक्टराकरवीं काविळीच्या लसीकरणाचें सोंग उभें केलें. पोलिओशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. परंतु लस घेऊन येणारा माणूस कोणाचाच नसतो, या एका समजुतीवर हें सारें तीस वर्षांचें काम उभें होतें, आणि तीच समजूत त्या सोंगानें खोटी पाडली. आजवर ज्याच्याजवळ शिक्का नव्हता त्याच्या झोळींत शिक्का लपविलेला सांपडला! २०१२ सालीं वझिरीस्तानांत तालिबानी सरदारांनीं लसीकरणास बंदी केली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत कराची व पेशावरकडे लस देणाऱ्या बायकांस गोळ्या घालून ठार मारण्याचें सत्र सुरू झालें. हेरखात्यानें असें सोंग पुन्हां करणार नाहीं अशी हमी अमेरिकन सरकारनें दिली ती २०१४ सालीं. तोंवर जावयाचे ते जीव गेले होते.

निसर्गजन्य पोलिओ आज जगांत दोनच देशांत ठाण मांडून आहे: पाकिस्तान व अफगाणिस्तान. पेशावरच्या गल्ल्यांतून अजूनही बायका दारें ठोठावीत फिरतात. खांद्यावर तीच पेटी, पेटींत बर्फ व कुप्या, हातांत खूण करावयाची लेखणी. फक्त आतां त्यांच्या मागून एक बंदूकवाला पोलीस चालत असतो.